चेहरा नको, जन्मतारीख बघा

पत्र थोडक्यात: लेखिकेचं घरचं दुकान आहे. वाणसामान, स्टेशनरी, आणि सोबत सिगारेट-तंबाखू, लायटरमध्ये भरायचा गॅस, थिनर असा मालही असतो. सकाळी नवरा गल्ल्यावर बसतो, दुपारनंतर त्या स्वतः, आणि गर्दीच्या वेळी दोन मदतनीस असतात. गेल्या महिन्यात एका मदतनिसाने एका मुलाला सिगारेटचं पाकीट दिलं. मुलगा दहावीत आहे, हे दुसऱ्या दिवशी त्याच्या आईने दुकानात येऊन सांगितलं. लेखिका विचारतात: ‘एरवी चेहऱ्यावरून वय कळतंच, पण गर्दीत लक्ष राहत नाही. ओळखीच्या घरातली मुलं “बाबांनी मागवलंय” म्हणत येतात, त्यांना परत पाठवलं तर बाप भांडायला येतो. नवऱ्याचं म्हणणं, आपण नाही दिलं तर पुढचा देईल. मोठी पाटी लावून आणि मदतनिसाचा पगार कापून हे थांबेल का? की हा मालच बंद करू?’

ताई,

त्या आईशी तुम्ही वाद घातला नाहीत, हे फार बरं केलंत. पण तुमचा पहिलाच मुद्दा मला पटत नाही. चेहऱ्यावरून वय कळत नाही. तुम्हाला नाही, मदतनिसाला नाही, कुणालाच खात्रीने कळत नाही. वयात यायला मुलांची सुरुवात नवव्या वर्षापासून चौदाव्यापर्यंत केव्हाही होऊ शकते आणि ते सगळं स्वाभाविकच असतं. त्यामुळे मिसरूड फुटलेला, आवाज बदललेला, तुमच्यापेक्षा वीतभर उंच मुलगा पंधराचा असू शकतो आणि त्याच्या शेजारी उभा असलेला, शाळकरी वाटणारा तरुण एकवीसचा. मुलींच्या बाबतीत कपडे आणि मेकअप अंदाज आणखी चुकवतात. त्यात गल्ल्यावर चेहरा बघायला दोन-तीन सेकंद मिळतात, तेही टोपी किंवा हेल्मेटच्या आडून. मदतनीस निष्काळजी होता असं मला वाटत नाही. तुम्ही त्याच्यावर सोपवलेलं कामच न जमण्यासारखं होतं.

म्हणून वय ओळखायचं काम गल्ल्यावरून काढूनच टाका. कायद्याची मर्यादा १८ असेल तर ओळखपत्र विचारण्याची मर्यादा २५ ठेवा: जो २५ पेक्षा लहान वाटेल त्याला ओळखपत्र मागायचंच. ब्रिटनमधल्या दुकानांत ही पद्धत ‘चॅलेंज २५’ या नावाने रुळलेली आहे. अमेरिकेत तर २०१९ च्या डिसेंबरपासून तंबाखूसाठी कायदेशीर वय २१ आहे, आणि ३० सप्टेंबर २०२४ पासून ३० वर्षांखालच्या प्रत्येक ग्राहकाचं फोटो ओळखपत्र बघणं दुकानदारावर बंधनकारक आहे; आधी ही मर्यादा २७ होती. मधलं हे अंतर मुद्दाम ठेवलेलं असतं. विचारण्याची मर्यादाही १८ च ठेवलीत, तर अंदाज एका वर्षाने चुकला तरी माल अल्पवयीन मुलाच्या हातात जातो. मर्यादा २५ असेल तर सात वर्षांनी चुकेपर्यंत धोका नाही. आणखी एक फरक पडतो. ‘हा अठराचा आहे का?’ या प्रश्नाचं उत्तर देणं कठीण. ‘हा नक्की पंचवीसच्या वरचा आहे का?’ हे सोपं. शंका आली की विचारायचं, विषय संपला.

आता तारीख. गल्ल्याच्या आतल्या बाजूला, तुम्हाला आणि मदतनिसांना दिसेल अशी एक छोटी पाटी ठेवा आणि रोज दुकान उघडताना तिच्यावर एकच तारीख लिहा: आजच्याच दिवशी अठरा वर्षांपूर्वीची. म्हणजे १० मार्च २०२६ ला पाटीवर १० मार्च २००८. ओळखपत्रावरची जन्मतारीख ही किंवा याआधीची असेल तर माल द्यायचा, नंतरची असेल तर नाही. हे न करता मनात वजाबाकी केली की ठरलेली चूक होते. माणूस फक्त साल वजा करतो, २०२६ मधून २००८ गेले की १८ उरतात, आणि डिसेंबर २००८ मध्ये जन्मलेला मुलगा मार्चमध्येच अठराचा धरला जातो. तो अजून सतराचा असतो. काही ओळखपत्रांवर पूर्ण तारीख नसून फक्त जन्मवर्ष असतं. तिथे जन्म ३१ डिसेंबरचा धरा किंवा दुसरं ओळखपत्र मागा. ज्या मालाची मर्यादा १८ नसून २१ किंवा आणखी वेगळी आहे, त्याची तारीख वेगळ्या रंगात, वेगळ्या ओळीत. आणि पाटी बदलायची जबाबदारी एकाच माणसाची, जो कुलूप उघडतो त्याची. दोघांवर सोपवलेलं काम कुणीच करत नाही.

ओळखपत्र लांबून दाखवलेलं चालणार नाही, हातात घ्या. पाकिटातून, प्लास्टिकच्या कप्प्यातून बाहेर काढायला सांगा, कारण खाडाखोड आणि वरून चिकटवलेला फोटो प्लास्टिकआड लपतो. आधी जन्मतारीख, मग फोटो. फोटोत केस, दाढी, चष्मा बघू नका, ते बदलतात. कानांची ठेवण, डोळ्यांमधलं अंतर, हनुवटी बघा. मोठ्या भावाचं कार्ड घेऊन येणं हा सगळ्यात नेहमीचा प्रकार आहे आणि चेहरे मिळतेजुळते असल्याने तो सहज खपतो. अशा वेळी कार्ड तुमच्या हातात असताना जन्मतारीख किंवा पत्ता विचारा. खरा मालक पटकन सांगतो. दुसरा अडखळतो किंवा कार्डाकडे मान वाकडी करून बघतो. मोबाइलमधला कार्डाचा फोटो आणि स्क्रीनशॉट धरू नका, त्यातला आकडा बदलायला दोन मिनिटंही लागत नाहीत. सरकारी ॲपमधलं डिजिटल ओळखपत्र जिथे मान्य असेल, तिथे ते ॲप तुमच्यासमोर उघडायला सांगा. आणि बघून झालं की कार्ड लगेच परत. त्याचा फोटो काढू नका, नंबर लिहून घेऊ नका. तुम्हाला वय बघायचं आहे, ग्राहकाची माहिती साठवायची नाही.

हे सगळं कधी विचारायचं, यावर बरंच अवलंबून असतं आणि इथेच दुकानांचं सर्वाधिक चुकतं. तुमच्या दुकानात त्या संध्याकाळी बहुधा हे घडलं असावं: मुलाने मागितलं, मदतनिसाने वळून फळीवरचं पाकीट काढलं, काउंटरवर ठेवलं, मुलाने पैसे पुढे केले. आता पाकीट दोघांच्या मध्ये आहे, पैसे हातात आलेत, मागे चार माणसं ताटकळली आहेत. या क्षणी ‘ओळखपत्र दाखव’ म्हणायचं तर हातात आलेले पैसे परत करायचे, पाकीट उचलून मागे ठेवायचं आणि सगळ्यांच्या नजरा झेलायच्या. एकोणीस-वीस वर्षांच्या पगारी पोराला ते जमत नाही. म्हणून क्रमच बदला. मागणी ऐकली की वळायच्या आधी ओळखपत्र मागायचं. माल फळीवरच, पैसे ग्राहकाच्याच हातात. नकार द्यावा लागला तरी परत घ्यावं असं काही उरत नाही.

शब्दही आधी ठरवून घ्या आणि सगळ्यांनी तेच वापरा. ‘ओळखपत्र दाखवा. आमच्याकडे पंचविशीच्या आतल्या सगळ्यांना विचारतो.’ नसेल तर: ‘ओळखपत्राशिवाय देता येत नाही. घेऊन या, लगेच देतो.’ एवढंच. ‘तू लहान दिसतोस’, ‘शाळेत असशील ना?’ असलं काही नको, त्याने वाद सुरू होतो. आवाज चढला तर मदतनिसाने तुम्हाला किंवा तुमच्या यजमानांना पुढे बोलवावं आणि स्वतः मागे व्हावं. कुणी धमकीवर आलं तर माल द्यायचा नाही, पण अडवायचं, धरायचंही नाही. गल्ला बंद करून बाजूला व्हायचं आणि गरज पडली तर पोलिसांना फोन. एका पाकिटासाठी कुणाला मार बसता कामा नये.

‘बाबांनी मागवलंय’ हा तुमचा सगळ्यात नाजूक प्रश्न. इथे एक गोष्ट स्पष्ट धरा: माल कुणासाठी आहे याला महत्त्व नाही, तो कुणाच्या हातात दिला याला आहे. मुलाने वडिलांची चिठ्ठी आणली, वडील फोनवर बोलले, वडिलांनी तिकडून ऑनलाइन पैसे पाठवले, तरी विक्री मुलालाच होते. फोनवरचा आवाज वडिलांचाच कशावरून, हे तुम्हाला कळायला मार्गही नाही. आज ओळखीच्या एका मुलाला दिलंत, की उद्या मदतनीस म्हणेल, ताईंनी दिलं होतं, आणि परवा त्याच्या वर्गातले तिघे त्याला पुढे करतील. भांडायला येणाऱ्या बापाशी मात्र बोला, आणि तो भांडायला येण्याच्या आधीच बोला. नियम लागू करायच्या आठवडाभर आधी अशा पाच-सात घरांना स्वतःहून सांगा: ‘एक तारखेपासून हा माल मुलांच्या हाती देणार नाही, तुम्ही येताजाता घेऊन जा, बाकीचं सामान मुलाला खुशाल पाठवा.’ आधी सांगितलेला नियम माणसं सहसा मान्य करतात. मुलाला सगळ्यांसमोर रिकाम्या हाती परत पाठवलं की तो अपमान वाटतो.

याची उलटी बाजूही असते. मुलं बाहेर थांबतात आणि कुणातरी मोठ्याला आत पाठवतात. दुकानाबाहेर घोळका, त्यातून पैसे घेऊन आत येणारा तरुण, एकाच वेळी चार वेगळ्या ब्रँडची मागणी, घेतल्यावर लगेच बाहेर वाटप, ही त्याची लक्षणं. असं दिसलं तर मोठ्या माणसालाही नाही म्हणा. पण लहान मूल सोबत घेऊन आलेल्या आईबापांना उगाच अडवू नका. मूल स्वतः माल निवडत असेल किंवा पैसे देत असेल, तरच शंका घ्यायची.

आता तुम्ही विचारलेली मोठी पाटी आणि पगारकपात. अल्पवयीनांना हा माल मिळणार नाही, अशी पाटी लावाच, बऱ्याच ठिकाणी ती सक्तीची आहे. भारतातल्या तंबाखू कायद्याच्या नियमांत तिचा आकारही ठरलेला आहे, किमान ६० बाय ३० सेंटिमीटर. पण पाटीने ओळखपत्र बघितलं जात नाही. त्याच नियमांनुसार ग्राहक अल्पवयीन नव्हता हे सिद्ध करण्याची जबाबदारी विक्रेत्यावर आहे, आणि तंबाखूचा माल १८ वर्षांखालच्या व्यक्तीने हाताळायचा किंवा विकायचाही नाही. तुमच्या दोन मदतनिसांपैकी कुणी अठराच्या आतलं असेल तर त्याला या मालापासून आजच बाजूला करा. ‘दंड दोनशे रुपये’ असं बाजारात म्हटलं जातं. २००३ च्या तंबाखू कायद्यातली तरतूद तेवढीच आहे, हे खरं. पण २०१५ च्या बाल न्याय कायद्याचं कलम ७७ वेगळं आहे: मुलाला दारू, अमली पदार्थ किंवा तंबाखू दिल्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. हे तुमच्या यजमानांना जरूर वाचायला द्या. इलेक्ट्रॉनिक सिगारेटसाठी वय बघायचा प्रश्नच नाही, भारतात २०१९ पासून तिच्या विक्रीवर पूर्ण बंदी आहे. दारूची वयोमर्यादा राज्याराज्यांत वेगळी आहे. देश बदलला की आकडे बदलतात, म्हणून प्रत्येक दुकानदाराने आपल्याकडचा आकडा परवाना देणाऱ्या कार्यालयातून लेखी घ्यावा, शेजारच्या दुकानदाराला विचारून नव्हे.

पगार कापू नका. कापलात तर पुढची चूक तुमच्यापासून लपवली जाईल. त्याऐवजी एक साधी वही ठेवा, नकारांची. तारीख, वेळ, काय मागितलं, का नाही दिलं, कुणी नाही दिलं, आणि ग्राहकाचं दोन शब्दांत वर्णन: ‘निळा टी-शर्ट, सोबत दोघं’. नाव नको. ज्याने नकार दिला त्यानेच, त्याच वेळी लिहायचं. रात्री आठवून भरलेली वही कामाची नसते आणि खोटी भरलेली तर अंगावर येते. दर आठवड्याला ती चाळा. एका मदतनिसाच्या नावावर सहा नकार आणि दुसऱ्याच्या नावावर एकही नाही, तर दुसरा विचारतच नसावा. शाळा-क्लास सुटायच्या वेळेला नोंदी दाटल्या असतील तर त्या तासाभरात गल्ल्यावर तुम्ही स्वतः बसा. एकच मुलगा चार वेळा आलेला दिसला तर सगळ्यांना सांगून ठेवा, नाहीतर तो नवीन माणूस बसलेला बघून पाचव्यांदा येतो. ब्रिटनमध्ये अशा नोंदी, कर्मचाऱ्यांना शिकवल्याचे सह्यांचे कागद, हे सगळं दुकानदाराने पुरेशी काळजी घेतल्याचा पुरावा म्हणून पुढे करता येतं. आणि ज्याने नकार दिला त्याला ‘बरं केलंस’ म्हणा, गिऱ्हाईक तुटलं तरी. तुम्ही एकदा जरी ‘अरे, नेहमीचं गिऱ्हाईक होतं ते’ म्हणालात, तर त्या दिवसापासून ओळखपत्र विचारणं बंद होईल.

बिलिंगला कॉम्प्युटर असेल तर या मालाच्या बारकोडवर वयाची सूचना लावून घ्या. फक्त ‘वय तपासलं का? हो/नाही’ असा प्रश्न ठेवू नका, चार दिवसांत बोट आपोआप ‘हो’वर जातं. जन्मतारीख टाकल्याशिवाय बिल पुढे सरकणार नाही अशी सोय काही सॉफ्टवेअरमध्ये करून मिळते. उघड वयस्क ग्राहकासाठी वेगळं बटण ठेवता येतं. टाकलेली तारीख साठवून ठेवू नका.

माल कुठे ठेवता तेही बघा. काउंटरच्या मागे, ग्राहकाचा हात पोहोचणार नाही अशा उंचीवर, शक्यतो दार लागणाऱ्या कपाटात. चॉकलेट-गोळ्यांच्या बरण्यांशेजारी तर मुळीच नको. घरपोच देत असाल तर ऑर्डर करताना ‘मी १८ वर्षांवरील आहे’ वर केलेली खूण म्हणजे तपासणी नव्हे. तपासणी दारात व्हायला हवी, आणि मोठं माणूस नसेल तर माल परत आणायचा. वॉचमनकडे किंवा दाराबाहेर ठेवायचा नाही.

आता तुमच्या यजमानांचा मुद्दा, पुढचा देईलच. देईलही. पण सोळा वर्षांच्या मुलाला सिगारेट मिळवायला दोन दुकानं जास्त फिरावं लागणं, नकार मिळणं, ओळखीच्या माणसाच्या नजरेला पडणं, या अडथळ्यांचा उपयोग असतो. अशा वेळी पुष्कळ मुलं नाद सोडून परत जातात. शिवाय पुढच्या दुकानदाराशी बोलता येतं. आसपासच्या चार दुकानांनी एकाच दिवसापासून २५ चा नियम लावला तर गिऱ्हाईक पळण्याची भीतीच उरत नाही. तुमच्या व्यापारी संघटनेच्या बैठकीत हा विषय तुम्हीच काढा.

माल बंद करायचा का? मी दोन गोष्टी वेगळ्या करेन. लायटरचा गॅस आणि थिनर यांचा खप तुमच्याकडे फार नसावा, आणि धोका मात्र मोठा आहे. हे हुंगून नशा करणारी मुलं असतात आणि ब्युटेन, म्हणजे लायटरमधला गॅस, हुंगल्याने पहिल्याच वेळी हृदय बंद पडून मृत्यू येऊ शकतो. ब्रिटनने १९९९ मध्ये असा गॅस १८ खालच्यांना विकायला बंदी केली ती याचसाठी. कायदा तुमच्याकडे काहीही म्हणो, हे दोन्ही मुलांना देऊच नका, आणि सांभाळणं जमत नसेल तर ठेवूच नका. सिगारेट-तंबाखूसाठी मधला मार्ग आहे: तुम्ही किंवा यजमान गल्ल्यावर असाल तेव्हाच हे कपाट उघडायचं, एरवी त्याला कुलूप आणि किल्ली तुमच्याकडे. मदतनिसांना दोन आठवडे तुमच्या शेजारी उभं राहून विचारायची सवय होऊ द्या, मग किल्ली द्या. हेही झेपणार नाही असं वाटलं, तर माल बंद करणं हा प्रामाणिक निर्णय आहे. नवऱ्याशी वाद टाळण्यासाठी तो पुढे ढकलू नका.

महिनाभराने एक परीक्षा घ्या. ओळखीतली एकोणीस-वीस वर्षांची, वयाने लहान दिसणारी मुलगी किंवा मुलगा, मदतनीस ज्यांना ओळखत नाहीत असा, गर्दीच्या वेळी सिगारेट मागायला पाठवा. अल्पवयीन मुलाला मात्र स्वतःहून कधीही पाठवू नका. ते सरकारी यंत्रणेचं काम आहे. ओळखपत्र न विचारता माल दिला गेला, तर रागावण्याआधी त्या वेळी गल्ल्यावर कोण होतं, मागे रांग किती होती आणि त्या दिवशी तारखेची पाटी बदलली होती का, एवढं तपासा. जे चुकलं ते दुरुस्त करा आणि पंधरा दिवसांनी वेगळ्या कुणाला तरी पाठवा.